कार्डाला ऊन लागलं

मे महिन्यात नागपुरात कोण टिकेल आणि कोण मान टाकेल, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. २०२४ च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान नोंदवलं. देशभर बोंबाबोंब झाली. मग हवामान खात्यानं खुलासा केला की ऊन काही तेवढं नव्हतं, सेन्सरच बिघडला होता. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना हायसं वाटलं. आम्हाला मात्र त्या सेन्सरचीच दया आली. ज्याला ऊन मोजायला बसवलं त्याचीच ही गत, तर माझ्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवरची चित्रं रंगवणारा भाग, कुठल्या झाडाचा पाला? ते तर नुसतं लग्नं बघायला बसवलेलं.

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. आमच्याकडे दाट तिथी आणि पारा बरोबरीनं चढतात. हळद, वरात, मंगलाष्टकं आणि वरून ड्रोननं टिपलेली जेवणाची पंगत, हे सगळं फोर-केमध्ये येतं आणि त्या कार्डाच्या बोकांडी बसतं. अशाच एका दुपारी नवरदेवाच्या गालावर हिरवे चौकोन उगवले. अंतरपाट धरला तोवर जांभळ्या पट्ट्या आल्या, आणि 'सावधान' म्हणताच स्क्रीन काळी. या धंद्यात त्याला आर्टिफॅक्ट म्हणतात. बहुतेक वेळा कार्डाची मेमरी तरी ढासळत असते, नाहीतर तिच्यापर्यंत जाणारे जोड तरी.

वधूपिता नेमके माझ्या मागे खुर्ची टाकून बसले होते. ते म्हणाले, "इफेक्ट भारी आहे भाऊ. पण जावयालेच काहून देला? आमच्या पोरीलेही द्या ना."

कार्ड आजारी आहे ही बातमी गल्लीत फुटली आणि वैद्यांची रीघ लागली. समोरचे काका वीज खात्यातून निवृत्त. त्यांच्या मते जगातला प्रत्येक बिघाड, घटस्फोटासकट, व्होल्टेजमुळे होतो. यात त्यांना अगदीच वेड्यात काढता येत नाही. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, हलका असला किंवा म्हातारा झालेला असला की कार्डाला ऐन गरजेच्या क्षणी वीज कमी पडते, आणि नाव मात्र कार्डाचं खराब होतं. भाच्यानं ड्रायव्हरवर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, बोट ठेवलं. जुना ड्रायव्हर पार पुसून नवा टाकला. चौकोन तेवढेच राहिले, फक्त जास्त रेखीव दिसू लागले. शेजारच्या वहिनींनी कॅबिनेटमध्ये कांदा ठेवायला सांगितला. लू लागू नये म्हणून आपण खिशात ठेवतो, मग त्याला काय झालं?

शेवटी कार्ड घेऊन बर्डीवरच्या, म्हणजे आमच्या सीताबर्डीच्या बाजारातल्या, दुकानात गेलो. दुकानात एसी असा की आत शिरल्या शिरल्या अंगावर काटा यावा. पोरानं कार्ड लावलं, टेस्ट सुरू केली. कार्ड असं पळालं की काही विचारू नका. हिरवा ठिपकासुद्धा नाही. फर्र फर्र फर्र करत पंखे फिरताहेत, आकडे चढताहेत, आणि मी खोटारडा ठरतो आहे.

"काका, कार्ड तं मस्त चालून रायलं. बिमारी काय आहे?"

"घरी बंद पडतं रे."

"मंग घराले दाखवा ना कोणाले तरी."

हसण्यावारी नेलं तरी त्याचं बोलणं शंभर टक्के शास्त्रशुद्ध होतं. पंखा आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कार्डाला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत, फक्त तिच्या जवळ आणू शकतात. खोली पंचवीस अंशावर असताना जी चिप सत्तरीत रमते, ती आमच्या चाळीस अंशांच्या खोलीत पंच्याऐंशीच्या घरात जाते. मग ती स्वतःच वेग कमी करते. त्यात आमचा कूलर. खोलीला गारवा देतो खरा, पण त्याची ओली हवा आणि बेसा रोडची धूळ मिळून कार्डाच्या पट्ट्यांत जो लगदा थापला जातो, तो ब्रशनं निघत नाही, त्याला उकरावं लागतं. पंख्याचं बेअरिंग बिचारं आधीच थकलेलं असतं. फिरणारा भाग तेवढाच, म्हणून आधी तोच कुरकुरतो. पोरानं पट्ट्या उघडून चिपची उष्णता पट्ट्यांकडे नेणारी, पण वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट दाखवली आणि माझ्याकडे असं पाहिलं की ती मीच उन्हात वाळत घातली होती.

पण खरी गोम पेस्टमध्ये नव्हती. ती आईच्या एका जुन्या वाक्यात होती: उन्हातून आल्या आल्या फ्रिजचं पाणी पिऊ नको, बाधतं. कार्डालाही नुसती उष्णता तेवढी बाधत नाही, जेवढं हे तापणं-निवणं बाधतं. चिप सिलिकॉनची, खालचा बोर्ड फायबर आणि तांब्याचा. तापल्यावर सिलिकॉन जेवढं फुगतं, त्याच्या पाच-सहापट बोर्ड फुगतो. या दोघांच्या मध्ये सोल्डरचे, म्हणजे डाख देण्याच्या धातूचे, बारीक बारीक थेंब असतात आणि ही ओढाताण त्यांच्या वाट्याला येते. रेंडर, म्हणजे पक्का व्हिडिओ बनवायला, लावलं की ताण, थांबवलं की सैल, लाईट गेली की एकदम सैल. कधीतरी एखाद्या थेंबाला केसाएवढी चीर जाते. थंडीत ती मिटलेली असते म्हणून दुकानात सगळं आलबेल, आणि घरी तापलं की उघडते.

हा रोग फक्त गरिबाघरचा नाही. २००८ साली ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियानं लॅपटॉपमधल्या काही चिपच्या पॅकेजिंगमध्ये, म्हणजे चिपभोवतीच्या आवरणात, कमकुवत सामग्री गेल्याचं मान्य करून दुरुस्त्यांपोटी पंधरा ते वीस कोटी डॉलर बाजूला काढले होते. त्याच्या आदल्या वर्षी मायक्रोसॉफ्टला एक्सबॉक्स ३६० या गेमच्या यंत्राची वॉरंटी वाढवण्यापोटी शंभर कोटी डॉलरहून जास्त तरतूद करावी लागली. २०२१ च्या जुलैत तर एका नव्या गेमच्या चाचणीत लाख रुपयांच्या वरची महागडी कार्डं पटापट गेली, तीही युद्धाच्या धुमश्चक्रीत नाही, मेनूच्या स्क्रीनवर! कार्ड बनवणाऱ्या कंपनीनं पुढे सांगितलं की त्या तुकडीचं सोल्डरिंगच नीट नव्हतं.

भाच्यानं यावर उपायही आणला. कार्ड ओव्हनमध्ये भाजायचं, म्हणे. दोनशे अंशांवर दहा मिनिटं. माझी बायको ओव्हनसमोर हात पसरून उभी राहिली, आणि शास्त्र तिच्याच बाजूनं होतं. आजचं शिसेविरहित सोल्डर वितळायला २१७ अंशांच्या आसपास लागतात. दोनशेला ते नुसतं घामाघूम होणार. भाजलेलं कार्ड कधी कधी उठून बसतं, कारण चिपखालचे जोड थोडे हलतात आणि तात्पुरते टेकतात. काही आठवड्यांत पुन्हा आडवं. रिबॉलिंग, म्हणजे चिपखालचे सगळे थेंब काढून नवे बसवणं, करून देतो म्हणणारेही भेटले, पण त्यांच्या गॅरंटीची मुदत विचारली की ते चहा मागवत.

मग जुन्या बाजारात दुसरं कार्ड बघितलं. विकणारा शपथेवर सांगत होता, "पोट्टा फक्त अभ्यास करे याच्यावर." १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग, म्हणजे गणितं सोडवून नाणी कमावणं, बंद झालं आणि रात्रंदिवस नाणी खोदणारी हजारो कार्डं अशी अचानक अभ्यासू झाली. गंमत म्हणजे ती वाटतात तेवढी वाईट नसतात. सतत एकाच तापमानाला चालल्यामुळे त्यांच्या सोल्डरला आमच्यासारखी ओढाताण सोसावी लागत नाही. पंखे आणि मेमरीवरचे थर्मल पॅड, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या मऊ पट्ट्या, मात्र पार कामातून गेलेले असतात. माझा हात खिशाकडे गेला होता, पण त्या अभ्यासू पोट्ट्याच्या कार्डाचे तिन्ही पंखे तीन वेगळ्या सुरांत रडत होते.

आपलं कार्ड वॉरंटीत आहे हे बायकोनं शोधून काढलं. सर्व्हिस सेंटरवरच्या मुलीनं भिंग लावून कार्ड असं तपासलं की मुलगी बघायला आलेल्या मावशीही लाजल्या असत्या. इथे ओरखडा, तिथे डाग, बिलावरचा शिक्का पुसट. कूलरसमोर ठेवता का? मी म्हटलं, ताई, नागपुरात माणसंच कूलरसमोर ठेवतात. तिनं ते फॉर्मवर लिहून घेतलं. कार्ड परगावी गेलं, तिथल्या गार प्रयोगशाळेत तपासलं गेलं, आणि "दोष आढळला नाही" अशी चिठ्ठी घेऊन परत आलं. घरी लावलं. नवरदेवाचा गाल पुन्हा हिरवा.

अशा वेळी लोक विश्वासार्हतेचे आकडे तोंडावर फेकतात. शंभरातली मोजकीच कार्डं बिघडतात म्हणे. बरोबर आहे. पण माझ्याकडे शंभर नाहीत, एकच आहे, आणि ते बिघडणाऱ्यांतलं आहे. ज्यांच्याकडे खरोखर हजारो आहेत त्यांचं ऐका. मेटा कंपनीनं लामा ३ हे कृत्रिम बुद्धिमत्तेचं मॉडेल शिकवताना एच१०० जातीचे १६,३८४ ग्राफिक्स प्रोसेसर जुंपले होते. ५४ दिवसांत ४१९ वेळा काम अनपेक्षितपणे खोळंबलं, म्हणजे सरासरी दर तीन तासांनी एकदा, आणि निम्म्याहून जास्त वेळा कारण त्या प्रोसेसरांशीच निगडित. एवढ्या थंडगार हॉलमध्येसुद्धा दुपारचं तापमान बदललं की कामाचा वेग एक-दोन टक्क्यांनी हलायचा, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. तिथली दुपार ती काय, आणि आमची काय! हे वाचल्यापासून माझा कार्डावरचा राग पुष्कळ निवळला.

बर्डीच्या पोराचा सल्ला शेवटी मानला. घराला दाखवलं. म्हणजे एडिटिंगच्या खोलीत दीड टनाचा एसी बसवला. दुसऱ्याच दिवसापासून कार्ड निमूट चालू लागलं. तिसऱ्या दिवशी आई गादी घेऊन त्या खोलीत आली. मग बायको, मुलं, मग नवतपा, म्हणजे ऐन उन्हाळ्यातले ते नऊ तापलेले दिवस, संपेपर्यंत म्हणून कांदेवाल्या वहिनी. आता मी रेंडर लावला की कार्ड तीनशे वॅटची धग ओकतं आणि चहूबाजूंनी ओरडा होतो, "ते यंत्र बंद कर आधी, खोली तापून रायली!"

व्हिडिओ पावसाळ्यातच मिळेल, असं मी वधूपित्याला फोन करून सांगितलं. ते अजिबात रागावले नाहीत. म्हणाले, "चालते ना भाऊ. तोवर डोहाळजेवण झालं तं त्याच्यातच जोडून द्या."