‘काउन्सेलिंग झालंय की तिचं!’

आज दुपारी एका सुशिक्षित आणि एरवी अत्यंत समंजस गृहस्थांनी आपल्या पुतणीविषयी बोलताना सहज म्हटले, “काउन्सेलिंग झालंय की तिचं! तरी तशीच आहे. आता तिनंच मन घट्ट करायला हवं.” ज्या मुलीला कित्येक वर्षे रात्री दचकून जाग येते, तिला चार भेटींत बरे वाटले नाही म्हणून दोष तिच्याच माथी! मी तिथे काही बोललो नाही, कारण आजूबाजूला माणसे होती. पण संताप अजून उतरलेला नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

समुपदेशन (म्हणजेच काउन्सेलिंग) आणि सायकोथेरपी या दोन वेगळ्या कामांची आपण सर्रास गल्लत करतो आणि तिची किंमत मात्र त्रासात असलेल्या माणसाला मोजावी लागते. समुपदेशनाचा उगमच मुळी व्यवहारातल्या अडचणीत आहे. 1908 मध्ये फ्रँक पार्सन्स यांनी बॉस्टनमध्ये तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारे केंद्र काढले, तिथून ही वाट रुंदावत गेली. घटस्फोट, जवळच्या माणसाचा मृत्यू, नोकरीतला पेच अशा एका ठरावीक प्रश्नात माणूस अडकलेला असतो, त्याचा स्वतःचा तोल बहुतांशी शाबूत असतो आणि त्याला सोबत बसून विचार करणारे कोणीतरी हवे असते. सायकोथेरपीची सुरुवात आजारापासून झाली. ब्रॉयर आणि फ्रॉइड या व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी 1895 मध्ये हिस्टेरियाच्या रुग्णांच्या हकिकती प्रसिद्ध केल्या, आणि 1960 च्या दशकात अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी नैराश्यासाठी विचारांवर काम करणारी पद्धत बांधली. पुन्हा पुन्हा त्याच खड्ड्यात नेणारी मनाची जुनी घडण बदलणे हे तिथले काम असते.

माझ्या धाकट्या बहिणीचे उदाहरण तिच्या परवानगीने सांगतो. नोकरी सोडावी की नाही, एवढाच प्रश्न घेऊन ती समुपदेशक बाईंकडे गेली होती. मात्र साहेबांच्या चढ्या आवाजाचा विषय निघाला की तिचे हात गार पडत आणि वाक्य अर्ध्यावर तुटे. एके दिवशी ती लहानपणीचे काही सांगू लागली, तेव्हा बाईंनी तिला हळुवारपणे थांबवले आणि म्हणाल्या, “हे आत्ता इथं उघडायला नको. उघडलं तर ते सांभाळावंही लागतं, आणि त्याचं शिक्षण माझ्याकडे नाही.” मग त्यांनी एका थेरपिस्टचे नाव कागदावर लिहून दिले. घरात गहजब झाला. बाईंनी अंग काढून घेतले, असेच सगळ्यांचे मत पडले. माझ्या मते त्या दिवशी बाईंनी केले ते अत्यंत सचोटीचे काम होते.

पुढे थेरपीत बराच काळ त्या जुन्या प्रसंगांना हातही लागला नाही. घाबरगुंडी उडाली की पाय जमिनीवर टेकलेले जाणवून घेणे, श्वास लांबवणे, खोलीतल्या वस्तूंची नावे घेणे, एवढेच चालले होते. आधी माणसाला सावरायला शिकवायचे आणि मगच आघाताकडे वळायचे, हा या कामातला जुना शिरस्ता आहे. मधल्या काळात बहीण आधीपेक्षा अधिक रडायची आणि घरचे विचारायचे, “अजून किती दिवस?” नैराश्यावरची बेक यांची उपचारपद्धतीसुद्धा साधारण 12 ते 20 सेशन घेते, ज्यांच्या भावना सतत टोकाला जातात, त्यांच्यासाठी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी घडवलेला उपचार तर वर्षभर चालतो. मोडलेल्या हाडाला आपण मुदत देतो. मनाला तेवढीही देत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

सीमारेषा धूसर आहे, हे मान्य करावे लागेल. समुपदेशनाला आकार देणारे मानसशास्त्रज्ञ खुद्द कार्ल रॉजर्स यांनी 1942 मध्येच ही दोन्ही नावे बऱ्याचदा एकाच प्रक्रियेला दिली जातात असे नोंदवले होते, आणि अनेक व्यावसायिक दोन्ही कामे उत्तम करतात. समुपदेशन कमी प्रतीचे आहे, असेही माझे म्हणणे नाही. नुकतेच मूल गमावलेल्या आईच्या दुःखाला आजार ठरवून तिच्या बालपणात खोदत बसणे हा तिच्यावर अन्यायच होईल. तिला ऐकणारे माणूस हवे. पण बहिणीच्या त्या बाईंऐवजी थोडक्या दिवसांचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले कोणी उत्साही गृहस्थ असते, तर त्यांनी “सांगून टाक, मोकळी हो” म्हणत तिला सगळे बोलायला लावले असते आणि तासाभराने घड्याळ पाहून घरी पाठवले असते. अशा माणसांची मला चीड येते. कायद्याचा आधारही सगळीकडे सारखा नाही. जर्मनीत 1999 मध्ये लागू झालेल्या कायद्याने ‘सायकोथेरपिस्ट’ ही उपाधी संरक्षित केली, तर ब्रिटनमध्ये आजही कोणीही स्वतःला समुपदेशक किंवा सायकोथेरपिस्ट म्हणवून घेऊ शकतो.

म्हणून जवळच्या कोणाला पाठवणार असाल, तर पहिल्याच भेटीत विचारायला सांगा की तुमचे शिक्षण कशात झाले आहे, तुमच्या कामावर अनुभवी व्यक्तीची देखरेख आहे का, आणि कोणत्या टप्प्यावर तुम्ही मला दुसऱ्याकडे किंवा औषधांसाठी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवाल. चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याकडे दुसऱ्या भेटीची वेळ घेऊ नये.