अजिनोमोटो, मामा आणि मी

फॅमिली ग्रुपवर परत तो फॉरवर्ड आलाय. ‘अजिनोमोटो म्हणजे जपानी विष, ते लोक स्वतः खात नाहीत, आपल्याला विकतात.’ मामांनी टाकला, खाली हात जोडलेल्यांची रांग, आणि मग सोसायटीबाहेरची चायनीजची गाडी उठवायची की नाही यावर चर्चा.

स्वतः खात नाहीत? अहो मामा, मी जपानात कावासाकीत राहतो. इथे सुपरमार्केटात मिठाशेजारी अजिनोमोटोची ती पांडाची बाटली असते. आमच्या दाइशी लाइनवरच्या सुझुकीचो स्टेशनचं नाव १९४४ पर्यंत अजिनोमोटो-माए (म्हणजे ‘अजिनोमोटोसमोर’) होतं, कारण समोर कारखाना.

१९०८ साली तोक्योच्या इम्पीरियल युनिव्हर्सिटीतले प्रोफेसर किकुनाए इकेदा यांनी कोम्बू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट, म्हणजे त्याला चव देणारा पदार्थ, वेगळं काढलं आणि पेटंट घेतलं. अजिनोमोटो ते हेच. धंदा केला साबुरोसुके सुझुकींनी. हा गृहस्थ तांदळाच्या सट्ट्यात बुडालेला, घर सावरायला त्याच्या आईनं नि बायकोनं हायामाच्या किनाऱ्यावर समुद्री शेवाळापासून आयोडीन काढायला घेतलं (सासू-सुनेनं मिळून, मामींनी नोंद घ्यावी). मे १९०९ मध्ये अजिनोमोटो विकायला काढलं आणि पहिली काही वर्षं चक्क तोटा. माल कोम्बूचा नव्हताच, गव्हातलं ग्लूटेन हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये उकळायचं, अ‍ॅसिड भांडी खायचं म्हणून शेवटी मातीचे रांजण वापरले. झुशीच्या कारखान्यातून अ‍ॅसिडची वाफ आणि स्टार्चचं घाण पाणी बाहेर यायला लागलं तसे आजूबाजूचे लोक तक्रारी घेऊन उभे राहिले, मग १९१४ ला तो कावासाकीला आला. याला म्हणतात भांडण, डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवरून! आपल्याकडे २०१५ ला मॅगीवर बंदी आली तेव्हा शिशाचा प्रश्न होता, ‘एमएसजी (म्हणजे अजिनोमोटोच) घातलेलं नाही’ या लेबलचा प्रश्न होता, पण लोकांच्या डोक्यात उरलं काय, तर अजिनोमोटो वाईट.

आता एक गोष्ट मामांना सांगणार नव्हतो. जपानातही तेव्हा अफवा उठली होती की ही पावडर सापापासून करतात, आणि ती इतकी पसरली की कंपनीला पेपरात जाहिरात देऊन नाही म्हणावं लागलं. व्हॉट्सअ‍ॅप नसताना.

बायको विचारते, तुला ती कंपनी पगार देते का? नाही देत. पण ऑफिसात कुणी भारतातल्या पाण्याबद्दल, पोटाबद्दल काही बोललं की मी तावातावानं पुण्याची वकिली करतो आणि ग्रुपवर जपानची. दोन्हीकडे वकीलपत्र कुणी दिलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर पांडाची बाटली आमच्या घरात नाहीये, चिंच-गुळाच्या आमटीत ती घालणार कुठे? मला हवं असतं ते त्या गाडीवरचं ट्रिपल शेजवान, भरपूर अजिनोमोटो मारलेलं, जे इथे कुठेच मिळत नाही, आणि तीच गाडी हे लोक उठवायला निघालेत.

एवढं सगळं टाइप करून पाठवलं. मामांचं उत्तर आलं, ‘तुम्ही जपानी लोक फार लांब लिहिता रे.’ झाइर्यू कार्डाचा (इथल्या परदेशी माणसाच्या ओळखपत्राचा) फोटो टाकून ते खोडता आलं असतं. खोडलं नाही, आणि रागही आला.