गाडगेबाबांचं नाव घेऊन भुकेल्याचं ताट काढू नका

दोन आठवड्यांत एकच मजकूर मला चार ग्रुपवर आला. मंदिरं, गुरुद्वारे, दर्गे फुकट जेवू घालतात म्हणून फुटपाथवरची माणसं काम करत नाहीत. अन्नदान बंद करा, रस्ते आपोआप मोकळे होतील. रात्रनिवारे आहेत, पण ही माणसं तिथे जात नाहीत. आणि कष्टाशिवाय खाऊ नका, असं गाडगेबाबाच सांगून गेलेत. पाठवणारी माणसं वाईट नाहीत, माझ्याच नात्यातली आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेते.

काम करत नाहीत? मंडईतली हमाली, लग्नाच्या हॉलमागे भांडी घासणं, नाक्यावर उभं राहून मिळेल ते बिगारकाम, भंगार वेचणं. ही कामं करून रात्री उघड्यावर पाठ टेकणारी माणसं मुंबईत पावलोपावली भेटतात. कामाची जागा सोडून लांब खोली घ्यावी तर भाडं, डिपॉझिट आणि रोजचं जाणं-येणं परवडत नाही. 2011च्या जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे 57 हजार बेघर मोजले गेले. परळला टाटा हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक झोपतात. ते काय फुकटच्या जेवणासाठी गाव सोडून आले?

जेवण बंद केलं की रस्ते मोकळे होतील, हेही पटत नाही. लंगर बंद झाला तर नाक्यावरचा माणूस उद्या उपाशीपोटी विटा उचलेल. खोलीचं भाडं त्याने एका रुपयानेही उतरणार नाही.

आता निवारे. शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तोही चोवीस तास आणि बारा महिने चालणारा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सांगितलं. मुंबईची 2011ची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख धरली तरी सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. शहर त्या आकड्याच्या जवळपासही नाही. जे आहेत तिथे बरेचदा नवरा एकीकडे आणि बायको-मुलं दुसरीकडे राहायची पाळी येते. गाठोडं, हातगाडी कुठे ठेवायची? शिवाय 1959चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही आहे. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि हा भिकेवर जगत असावा असं वाटलं, तरी माणसाला उचलता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 साली दिल्लीपुरत्या त्यातल्या बऱ्याच तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. अशा धास्तीत जगणारा माणूस सरकारी गाडीत बसून निवाऱ्याकडे निघेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

मला सगळ्यात लागलं ते गाडगेबाबांचं नाव. बाबा स्वतः झाडू मारल्याशिवाय, लाकडं फोडल्याशिवाय भाकरी घेत नसत, हे खरंच आहे. पण तो नेम त्यांनी स्वतःला घातला होता. भुकेल्याच्या ताटापुढे त्यांनी तशी अट कधी ठेवली नाही. आंधळ्या-पांगळ्यांच्या, कुष्ठरोग्यांच्या पंगती त्यांनी स्वतः वाढल्या. त्यांचा दशसूत्री संदेश एकदा थांबून वाचा. पहिलं सूत्र भुकेलेल्यांना अन्न. त्याच यादीत बेघरांना आसरा आणि बेकारांना रोजगार. याच सगळ्याला बाबांनी रोकडा धर्म म्हटलं. अन्न, आसरा आणि रोजगार त्यांनी एकत्र सांगितले, आपण त्यातून सोयीचा तुकडा कापून फिरवतो आहोत.

आणि बाबा नुसतं सांगून थांबले नाहीत. पंढरपूरला अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना टेकायला जागा नव्हती, तिथे त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. स्वतःसाठी मात्र त्यांनी झोपडीही बांधली नाही. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आज टाटातल्या रुग्णांना आसरा देते.

या मजकुरात खरं एवढंच आहे की नुसत्या जेवणाने माणूस फुटपाथवरून उठत नाही. पण त्यावर उपाय जेवण काढून घेणं हा नव्हे. आपल्या देवस्थानांचं कमी पडतं ते जेवणानंतर. दुपारी महाप्रसाद वाढलेल्याच माणसाला रात्री दहाला वॉचमन ओट्यावरून उठवतो, हे मी आमच्या भागात अनेकदा पाहिलं आहे. पावसाळ्याचे चार महिने सभामंडप रात्री उघडा ठेवा. सामानाला एक कुलपाचं कपाट द्या. रेशनकार्ड, आधार काढताना पत्ता विचारतात, तेव्हा संस्थेचा पत्ता लावता येईल का, ते विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत ठरवा.