रांगेत पास येतो, खेळात विसरतो

लेखात म्हटलंय की मुलांना रग्बी शिकवताना आधी रांगेत उभं करून पासिंग पक्कं करा, मॅच नंतर. नाही पटलं बुवा. दोन वर्षं झाली, रविवारी सकाळी आमच्या पेठेतल्या दहा-बारा वर्षांच्या पोरांना टॅग रग्बी खेळवतोय (यात अंगाला धरून पाडायचं नाही, कमरेची पट्टी ओढायची). रग्बीत हातातला चेंडू पुढं टाकता येत नाही, बाजूला नाहीतर मागंच द्यायचा. कोल्हापूरच्या पोराला हे पचायला जड. फुटबॉल रक्तातच, पुढं कोण मोकळा दिसला की चेंडू तिकडंच! रांगेत झकास पास देणारी पोरं समोर कोण आडवं आलं की सगळं विसरतात.

म्हणून आम्ही थेट चार विरुद्ध चार लावतो. मैदान वीसेक पावलं रुंद, कमरेला दोन्ही बाजूंना पट्ट्या (सुरुवातीला जुन्या साडीच्या काठाच्या होत्या, हसू नका). पट्टी ओढली गेली की लगेच पास. पंधरा जणांच्या पूर्ण संघात लाजरं पोरगं कडेला उभं राहून वेळ काढतं, चौघांत लपणार कुठं?

एक तालमीतला गडी सारखा एकटाच पळायचा. मग नियम केला, चेंडूला चौघांचा हात लागल्याशिवाय ट्राय (म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडं चेंडू टेकवणं) धरायचा नाही. आधी रुसला. तिसऱ्या रविवारी तोच ओरडत होता, "माझ्या मागं ये की रं, पुढं कशाला पळतोस!"

लेखकांना एकच विचारतो, पट्टी सोडून खरा टॅकल, म्हणजे धरून पाडणं, कितव्या वर्षी सुरू करावा? आमच्याकडं आयांचा त्याला ठाम नकार आहे.