हेलियम, विजयदुर्ग आणि मामांचा मेसेज

भाचीने शाळेतलं भाषण पाठ करून दाखवलं आणि मी कपाळाला हात लावला. "१८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर यांनी आमच्या विजयदुर्गावरून सूर्यग्रहण पाहताना हेलियमचा शोध लावला." भाषण मामांनी लिहून दिलेलं. त्यांना हा मेसेज दर ऑगस्टला कुणीतरी पाठवतंच. त्यात आणखी दोन दावे: किल्ला शिवाजी महाराजांनी बांधला, आणि तो कधीच शत्रूच्या हाती पडला नाही.

हे दोन आधी उरकतो. मूळ किल्ला शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा. महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेऊन मजबूत केला. आणि पडला नाही कसा? फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्हने तुळाजी आंग्र्यांकडून तो घेतलाच की! तेही पेशव्यांशी संगनमत करून. हे बरं सोयीस्कर गाळलं.

आता हेलियम. त्या ऑगस्टमध्ये हा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर इंग्लंडात होता. त्याने रॉयल सोसायटीला कळवलेली तारीख आहे २० ऑक्टोबर १८६८. त्या दिवशी ग्रहण नव्हतंच! दुर्बिणीला स्पेक्ट्रोस्कोप (प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारं यंत्र) जोडून त्याने भर उजेडात सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. ग्रहणाची वाट बघायची गरज नाही, हीच तर त्याची कमाल. आपण कौतुकाच्या भरात नेमकी तीच पुसून टाकतो. ग्रहणासाठी भारतात आला होता तो फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ जान्सेन, आणि तोही आंध्रातल्या गुंटूरला. त्यालाही दुसऱ्या दिवशी ग्रहणाविना त्या ज्वाळा दिसल्या. वर्णपटातली जी पिवळी रेघ पुढे हेलियमची ठरली, ती भारतात इतरांनाही दिसली होती, हे कबूल. पण ती सोडियमची वाटली. ती सोडियमच्या दोन रेघांवर बसत नाही, हे लॉकियरने दाखवलं.

एवढं सांगितल्यावर मामा म्हणाले, "मगे ते साहेबाचे ओटे काय आभाळातसून पडले?"

विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' म्हणतात ते चौथरे खरे आहेत. लॉकियर विजयदुर्गावर आला होता, दुर्बिणी मांडल्या होत्या, नौदलाचे खलाशी हाताशी होते. फक्त ते ग्रहण २२ जानेवारी १८९८ चं. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅमझेने पृथ्वीवरच्या खनिजातून हेलियम काढून जवळपास तीन वर्षं झाली होती.

भाचीच्या वहीत मी १८६८ खोडून १८९८ केलं आणि 'शोध लावला'च्या जागी 'ग्रहण पाहिलं' लिहिलं. ती म्हणते, बाईंनी जुनंच तपासून सही केली आहे.