शिंगवाला भुंगा आणि स्टेटसवरचा ‘मर्द’

पाऊस पडला की आमच्या डिचोलीकडच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. शिंगवाल्या भुंग्याचा फोटो, खाली मजकूर: ‘ज्याचं शिंग मोठं, मादी त्याचीच. दुबळ्याचा वंश वाढत नाही.’ यंदा व्यायामशाळेतल्या पोरांनी तो स्टेटसलाही लावलाय.

आधी फोटोचं बघू. तो माडाचा गाभा पोखरणारा गेंड्या भुंगा. त्याच्या मादीलाही शिंग असतं, बहुधा नराहून आखूड. उलटा करून मागचं टोक बघा, तांबूस केसांचा झुपका दिसला तर ती मादी. फोटोत नुसतं डोकंच आहे, तेव्हा हा मर्द बाई निघाला तरी नवल नाही.

मोठं शिंग लढाई जिंकतं, हे मात्र खरं. ऑन्थोफॅगस टॉरस नावाच्या शेणकिड्यात मादी शेणाखाली बीळ खणते आणि शिंगवाला नर तिथं पहारा देतो, दुसरा आला तर रेटून बाहेर काढतो. फॉरवर्ड इथंच थांबतो. पण त्याच जातीत जवळजवळ बिनशिंगी, बारके नरही असतात. ते भांडणाच्या वाटेला जात नाहीत. पहारेकऱ्याची नजर चुकवून आत सटकतात, नाहीतर बाजूनं भुयार काढून मादीपर्यंत पोचतात. शिंगाची अडचण नसल्यानं बिळात ते जास्त चपळ. आणि शिंग फुटणार की नाही, हे मुख्यतः आईनं अळीसाठी किती शेण साठवलं यावर ठरतं. बारक्याचा मुलगा पोटभर शेणावर वाढला तर शिंगवाला होतो. कसला वंश नि कसलं काय!

आकाराचंही तेच. थव्यात जुळणाऱ्या काही चिलटांत लहान नरांनाच जास्त माद्या मिळतात. हवेत गिरक्या घ्यायला हलकं अंग बरं.

राहिलं ‘मादी त्याचीच’. जोनाथन वाग यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या एका टाचणीबद्दल (चतुरासारखा बारीक, सडपातळ उडता किडा) दाखवून दिलं, की नर आपलं वीर्य सोडण्याआधी मादीच्या पोटातलं आधीच्या नराचं वीर्य खरवडून काढतो. म्हणजे पहिला जिंकूनही हरला. आपल्याकडे शेताच्या कडेला पाणी साचलं की बघा: मादी गवताच्या काडीत अंडी घालत असते आणि नरानं शेपटीच्या टोकानं तिची मान पकडलेली असते. त्यानं पकड सोडली की दुसरा टपलेलाच असतो.