एक व्होल्ट म्हणजे एक व्होल्ट!

तीन रात्री. तीन रात्री मी माझ्या सिंथेसायझरच्या ऑसिलेटरला, म्हणजे सूर निर्माण करणाऱ्या भागाला, शिव्या घातल्या आणि त्याचा काडीचाही दोष नव्हता! दोष होता मिडी-टू-सीव्ही इंटरफेसचा: कीबोर्डकडून मिडीने (वाद्यांच्या डिजिटल भाषेत) आलेल्या नोटचं सीव्हीत, म्हणजे ऑसिलेटरला कळणाऱ्या नियंत्रण व्होल्टेजमध्ये, रूपांतर करणाऱ्या डब्याचा.

कीबोर्डवर खालचा सा धरला, सूर चोख. एक सप्तक वर गेलो, सूर किंचित उतरलेला. अजून वर, आणखी उतरलेला. चौथ्या सप्तकापर्यंत कानाला सहन होईना. ऑसिलेटर तापायचा असेल म्हणून अर्धा-अर्धा तास रॅक चालू ठेवून बसलो. मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याचा स्केलचा ट्रिमर (सप्तकांमधलं अंतर जुळवायचा छोटा स्क्रू) फिरवला, सगळी सप्तकं कशीबशी जुळवली. आणि माझा जुना सीक्वेन्सर (ठरवून दिलेले सूर आपोआप वाजवणारं यंत्र) जोडला तर आता तो बेसूर! इतकी वर्षं जो कधी चुकला नाही तो!

शेवटी मल्टीमीटर काढला आणि मिडी-टू-सीव्ही इंटरफेसच्या पिच (सुराच्या) आउटपुटला लावला. सप्तकाला १ व्होल्ट वाढायला हवा, हा डबा देतोय ०.९९. दोन सप्तकांना १.९८. चार सप्तकांना ३.९६. शंभरातला एक भाग कमी, त्यात काय एवढं? अहो, एक सेमीटोन, सप्तकाचा बारावा भाग, म्हणजेच जेमतेम ८३ मिलिव्होल्ट! चार सप्तकांत ४० मिलिव्होल्ट खाल्ले, म्हणजे सूर जवळजवळ अर्धा सेमीटोन खाली. आवाजाचा पोत बदलणाऱ्या फिल्टरच्या सीव्हीत एवढी चूक झाली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पिचमध्ये कान माफ करत नाही. नोटचा आकडा घ्यायचा आणि त्याचा नेमका व्होल्टेज द्यायचा, यासाठीच तर ही वस्तू घेतली. तेवढंही तिला जमू नये?

बरं, कॅलिब्रेट करू म्हटलं. तर बटण दाबून धरून पॉवर चालू करा, दिवा पाच वेळा लुकलुकला की बटण सोडा. डब्यावर बटण एकच. मिडी चॅनल त्याच्यावर, नोट प्रायॉरिटी (एकदम अनेक पट्ट्या दाबल्या तर कोणती वाजवायची) त्याच्यावर, क्लॉकची (तालाच्या ठोक्यांची) विभागणीही त्याच्यावर. लुकलुक मोजताना एक चुकली की चॅनल बदलतं, आवाज बंद होतो आणि आपण वेड्यासारखे केबली उपसत बसतो. अरे, मागच्या बाजूला एक साधा ट्रिमर बसवायला काय जात होतं तुमचं?

क्लॉकचीही तीच तऱ्हा. मिडी एका बीटला २४ ठोके पाठवतो, माझ्या सीक्वेन्सरला हवेत ४. हा डबा मूळ सेटिंगमध्ये सगळेच्या सगळे पुढे ढकलतो आणि सीक्वेन्सर सहापट वेगाने सुसाट सुटतो.

आणि यूएसबीने लॅपटॉपला जोडला की स्पीकरमधून अखंड किरकिर. पाच पिनांच्या मिडी केबलने जोडला की एकदम शांत. १९८३ च्या त्या मिडीत ऑप्टोआयसोलेटर (विजेचा थेट जोड न ठेवता प्रकाशातून संदेश पोचवणारा भाग) घालायची अक्कल होती, म्हणून दोन यंत्रांचं अर्थिंग एकमेकांत गुंतत नाही. एवढ्या वर्षांनी यूएसबीवाला डबा बनवताना तेवढा विचार करायला काय झालं होतं?

आता ऑसिलेटरचा तो ट्रिमर पुन्हा पहिल्यापासून लावायचाय, एकेक सप्तक तपासत. आणि तीन रात्रींपूर्वी जी चाल वाजवायला बसलो होतो, ती आता आठवत नाही.